सर कॉन्फरन्सला गेलेत

डिसेंबरात सेमिस्टर संपलं की आमच्या विभागात सरांच्या केबिनला कुलूप लागतं. बाहेर बाकावर मामा बसलेले असतात. (शिपायाला मामा म्हणायची आमच्या कॉलेजातली रीत फार जुनी आहे.) सरांची चौकशी केलीत तर मामा मान वर न करता सांगतात, "सर कॉन्फरन्सला गेलेत." कुठं, असं विचारलंत तर म्हणतात, "समुद्र असंल तिथं."

मामांना इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही. पण सरांच्या संशोधनाचं इतकं नेमकं परीक्षण आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही. गोवा, पट्टाया, कोलंबो, लंगकावी, बाली. एकदा नागपूरला खरोखर चांगली कॉन्फरन्स होती, मे महिन्यात. सरांनी "स्कोप जुळत नाही" म्हणून ती सोडली.

सगळं सुरू होतं एका मेलनं. 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे! डिअर एमिनंट रिसर्चर!' आता बघा, घरी ज्याला "अहो, तेवढा सिलिंडर आला का बघा" आणि कॉलेजात "सर, तेवढं अटेंडन्सचं बघा" याखेरीज काही ऐकायला मिळत नाही, त्या माणसाला भल्या सकाळी कुणीतरी 'एमिनंट' म्हणतं. तो विरघळणारच. हाच मेल मला आला होता, ग्रंथपालांना आला होता आणि कॉलेजच्या डोमेनवर खातं असलेल्या कॅन्टीनवाल्यालाही आला होता. हे मी सरांना सांगितलं नाही. माणसाचा आनंद कशाला घालवा?

आता यात सरांचा एकट्याचा दोष नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत एक तक्ता आहे. पेपर वाचलात तर राज्य पातळीवर २ गुण, राष्ट्रीयला ३, देशातल्या देशात आंतरराष्ट्रीय असेल तर ५ आणि परदेशात ७. सरांना हा तक्ता पाढ्यांसारखा पाठ आहे. इंजिनिअरिंगवाल्यांना एआयसीटीईचे नियम लागू, अशी हरकत कुणी काढलीच तर सरांना तेवढ्यापुरतं कमी ऐकू येतं. त्यांचं गणित सरळ आहे. तोच पेपर, त्याच स्लाइड, तेच बोलणं. गोव्यात ५ आणि बालीत ७. म्हणजे मधल्या समुद्राचे गुण २. "आणि हे मी ठरवलेलं नाही," असं ते छातीवर हात ठेवून सांगतात.

बालीच्या पेपराचा मी दुसरा लेखक होतो. माझं योगदान असं की प्रयोगातला छोटा पंप माझ्या लॅबचा होता. विषय होता ठिबक सिंचनाला आयओटी आणि मशीन लर्निंगची जोड. शीर्षकाची सुरुवात अर्थातच 'अ नॉव्हेल अप्रोच' अशी. सरांचा अप्रोच नेहमी नॉव्हेलच असतो. जुना त्यांनी कधी हाताळलेलाच नाही. काम होतं शेवटच्या वर्षाच्या तीन पोरांचं. त्यांनी एक सेन्सर कुंडीत खोचला होता, पंप बादलीत सोडला होता आणि वायरी सेलोटेपनं खिडकीच्या गजाला बांधल्या होत्या. डेटासेट म्हणजे ती कुंडीतली तुळस. दिवाळीच्या सुट्टीत लॅब बंद राहिली आणि तुळस वाळली. पेपरात तिची 'आउटलायर' अशी नोंद आहे.

लेखकांचा क्रम सर, मी, मग 'बहुमोल मार्गदर्शनाबद्दल' प्राचार्य, आणि पंगतीत उरलेल्या जागी बसवावीत तशी शेवटी पोरं. साम्य तपासलं तर ३४ टक्के निघालं. १० टक्क्यांपर्यंत नियमानं माफ आहे. मग त्यातल्या एका पोरानं रात्रभर जागून 'वॉटर'चं 'ॲक्विअस लिक्विड' केलं, 'फार्मर'चं 'ॲग्रिकल्चरल स्टेकहोल्डर' केलं, आणि सकाळी ९ टक्के घेऊन हजर झाला. त्याला आता चांगली नोकरी आहे.

रात्री अकराला पेपर पाठवला, सकाळी सहाला स्वीकारला गेला. परीक्षकांचा अभिप्राय तीन वाक्यांचा होता. पेपर चांगला आहे. इंग्रजी सुधारा. फी भरा. मी जरा कुरकुर केली. २००५ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता, सायजेन नावाचा. तो आपला आपण शास्त्रीय वाटणारी निरर्थक वाक्यं जुळवून पेपर तयार करायचा, आणि त्यातला एक पेपर एका आंतरराष्ट्रीय परिषदेनं स्वीकारलाही होता. हे मी सरांना सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "बघा. आपण तर तुळस लावली होती."

बाली सुंदर आहे, यात वाद नाही. फक्त आपलं सेमिस्टर संपतं तेव्हा तिथं पावसाळा असतो, म्हणून सरांच्या बॅगेत घडीची छत्री, भडंग, मेतकूट आणि सूट अशी चार अत्यावश्यक साधनं होती. विमानतळावर पैसे बदलले आणि सर लखपती झाले. आपल्या एका रुपयाला तिथले दीडशेच्या वर रुपिया मिळतात. पहिला नारळ पिऊन त्यांनी पन्नास हजारांची नोट पुढे केली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते पीएच.डी.च्या दिवशीही नव्हतं. हॉटेल नुसा दुआला होतं. २०२२ची जी-२० शिखर परिषद याच भागात झाली, हे सर दिवसभर अशा सुरात सांगत होते, की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यांनी जागा रिकामी केली आणि हे आले.

हॉलमध्ये खुर्च्या दोनशे, माणसं अकरा. अकराही आपापली पाळी यायची वाट बघणारी. चहाच्या वेळी उलगडा झाला की त्यातले आठ महाराष्ट्रातले. दोघं तर आमच्याच विद्यापीठाचे, सरांचे जुने एक्स्टर्नल. तिथं, हिंदी महासागराच्या काठी, नारळाची वडी खाताखाता पुढच्या सेमिस्टरच्या ओरलच्या तारखा ठरल्या. त्या तीन दिवसांत झालेलं पक्कं काम म्हणाल तर ते एवढंच.

सरांचं सादरीकरण दहा मिनिटांचं. त्यातली चार मिनिटं प्रोजेक्टर लागण्यात गेली. शेवटच्या स्लाइडवर 'थँक यू' आणि मागं सूर्यास्त. मग अध्यक्षांनी प्रश्न मागवले. ठरल्याप्रमाणे मी हात वर केला आणि विचारलं, "सर, व्हॉट इज द फ्युचर स्कोप?" सरांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "दॅट इज अ व्हेरी गुड क्वेश्चन," ते म्हणाले. त्याच सत्रात सरांना 'बेस्ट पेपर' मिळाला. मलाही मिळाला, दुसऱ्या पेपरासाठी. अकरापैकी सात जणांना मिळाला.

बाराला सर्टिफिकेट हातात पडलं आणि साडेबाराला आम्ही उलुवातूच्या वाटेला लागलो. समुद्रावर कड्याच्या टोकाला हे देऊळ आहे आणि तिथली माकडं जगप्रसिद्ध आहेत. ती यात्रेकरूंच्या वस्तू पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच परत करतात. सर फोटोसाठी उभे राहिले तोच एकानं मागून येऊन त्यांचा चष्मा काढला. देवळातल्या माणसानं शेंगा दाखवल्या. माकडानं त्या पाहिल्या, चष्म्याची काडी दातात धरून शांतपणे चावली आणि तोंड फिरवलं. केळं आलं, तरी तेच. शेवटी अख्खं अंडं आलं, तेव्हा सौदा झाला.

"हे ऑप्टिमायझेशन आहे हो!" सर वाकडा चष्मा नाकावर बसवत ओरडले. "याच्यावर पेपर होईल!"

झालाय, असं मला सांगावं लागलं. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी याच माकडांवर अभ्यास करून २०२१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो छापला. मोठ्या माकडांना कोणती वस्तू महाग हे कळतं आणि ती महागाच्या वस्तूला भारी खाऊ मिळेपर्यंत अडून बसतात, असं त्यांना आढळलं. सर बराच वेळ गप्प होते. परतीच्या गाडीत म्हणाले, "म्हणजे चष्म्याला ७ आणि टोपीला २."

प्राचार्यांसाठी सरांनी कोपी लुवाक आणली. उदमांजराच्या पोटातून बाहेर पडलेल्या बियांची ती महागडी कॉफी. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दोन कप घेतली आणि स्वाद नॉव्हेल आहे म्हणाले. पाकिटावरचं मांजराचं चित्र त्यांनी ब्रँड समजून घेतलं असावं.

सर्टिफिकेट केबिनमध्ये लागलंय, खालच्या ओळीत, लंगकावीच्या शेजारी. काल पुन्हा मेल आलाय. या डिसेंबरात फुकेत. विषय अजून ठरलेला नाही, पोरांचे प्रोजेक्ट जमा व्हायचेत. तुमच्याकडे एखादी जगलेली कुंडी असेल तर कळवा. तिसरं नाव तुमचं घालू. दुसरं माझं आहे.