पन्नास बाय चौदा सूत

बीडमध्ये पत्र्याचं काय करून मिळत नाही ते सांगा. धान्याची कोठी, लग्नातलं कपाट, कूलर, ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडाची पेटी, निवडणुकीपुरता फलक आणि निवडणुकीनंतर त्याच फलकाची न्हाणीला भिंत. मग संगणकाचा डबाच तेवढा बाहेरून का मागवायचा, असा स्वाभिमानी प्रश्न मला पडला.

बाजारातल्या कॅबिनेटला हल्ली एका अंगाला काच असते आणि आत सप्तरंगी दिवे. लग्नाच्या वरातीतून वाट चुकून घरात शिरल्यासारखं दिसतं ते. शिवाय ही वस्तू एसीच्या खोलीसाठी जन्माला आलेली. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारची वावटळ न विचारता घरात येते आणि पालीचं नाव तर रेशनकार्डावर घालायचं तेवढं राहिलंय.

मापांची चिंता नव्हती. बोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठं, मागची खिडकी किती, हे इंटेलनं १९९५ साली एटीएक्स नावाच्या मानकात ठरवून टाकलेलं आहे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेही १९९५ सालीच मंजूर झाली. एटीएक्स जगभर पोचलं. रेल्वे २०२५ च्या सप्टेंबरात बीडपर्यंत पोचली. मधल्या तीस वर्षांत बोर्डाची भोकं मात्र मूळ जागेवरून हलली नाहीत. एवढी निष्ठा आमच्या जिल्ह्यात कुठल्याच पक्षात सापडायची नाही.

आराखड्याची रंगीत प्रिंट घेऊन मी बार्शी रोडवरच्या एका शेडमध्ये गेलो. तिथले मामा कूलर आणि कपाटं करतात. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, "ठिवायचं काय यात?"

"मदरबोर्ड, मामा. संगणकाचा."

"केवढ्याला हाय?"

मी आकडा सांगितला.

"मंग कडी-कोयंडा पायजेल."

कडी-कोयंडा रद्द करून घेण्यात पहिली दुपार गेली. कुलपाची पट्टी मात्र त्यांनी तरीही ठेवली, 'असू द्या' म्हणून.

मग मापं सुरू झाली. मागच्या बाजूला, जिथून यूएसबी आणि बाकीच्या वायरी निघतात, तिथली खिडकी मी वाचून दाखवली: १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर. मामांनी कानामागची पेन्सिल काढली आणि परत ठेवून दिली.

"पॉइंटातलं हितं चालत नाय. सुतात सांगा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मी मोबाइलवर भागाकार केला. बाकी शून्य. पन्नास बाय चौदा सूत, अगदी नेमकं. अमेरिकेतल्या इंजिनिअरांनी ती खिडकी मुळात इंचात आखली होती, सव्वासहा बाय पावणेदोन. मिलिमीटरचे पॉइंट नंतर चिकटले. बार्शी रोडची टेप आणि इंटेलचा आराखडा एकाच गोत्राचे निघाले.

"मंग आधीच तसं सांगायचं की," मामा म्हणाले. "उगं पॉइंट पॉइंट करायलाव."

हवेच्या विषयावर मी तयारी करून गेलो होतो. पुढून जाळीतून हवा आत ढकलणारे पंखे जास्त आणि मागून बाहेर फेकणारे कमी ठेवले, की आतला दाब वाढतो आणि फटीफटीतून हवा बाहेरच जाते. याला पॉझिटिव्ह प्रेशर म्हणतात, इथवर मी येणार तोच मामांनी पंखा उचलून त्याची वाऱ्याची बाजू पाहिली. "ह्यो जाळीम्हागं लावू, आत फेकनारा. हवा भाईर निघत असल तर धुराळा फटीतून कसा घुसंल?" माझं व्याख्यान खिशातच राहिलं.

संगणकाचा डबा असा शेडमध्ये करून घेण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. १९७६ साली ॲपलचा पहिला संगणक विकला गेला तो नुसता बोर्ड म्हणून. डबा ज्याचा त्यानं पाहायचा, आणि काहींनी चक्क लाकडी पेट्या करून घेतल्या. दुसऱ्या संगणकाला डबा कसा असावा, हे स्टीव्ह जॉब्सला एका दुकानातला फूड प्रोसेसर बघून सुचलं म्हणतात. त्यांचं मिक्सरवर भागलं, आमचं कूलरवर.

घरच्यांनीही हातभार लावला. आईची अट एकच: पाय उंच हवेत, खालून झाडू फिरला पाहिजे. पॉवर सप्लायचा पंखा तळातून हवा ओढतो, त्यामुळं उंच पाय त्यालाही हवेच होते. आईनं ते संगणक न उघडता सांगितलं. वडिलांनी पत्र्यावर टिचकी मारून 'अठरा गेज घे, बावीस दबतं' एवढाच निकाल दिला. तेवढ्यानं डबा असा झालाय, की चोर आला तर त्याला आधी हमाल बघावा लागेल.

हिशेबाला बसलो तेव्हा मामांनी डबा थेट काट्यावर चढवला. बिल किलोवर. जगातल्या नामांकित कंपन्या डिझाइनचे पैसे घेतात, इथं ते मजुरीत फुकट. मी पुढच्या जाळीकडं बोट दाखवलं. "मामा, एवढी भोकं पाडली, तितका पत्रा तर कमीच झाला."

"झाला ना. वजनात त्यो धरलाच नाय," मामा म्हणाले आणि पेन्सिलीनं खाली आणखी एक ओळ वाढवली. "आता भोकाची मजुरी, दर भोकामागं."

जाळी मी घरी आणून मोजली. बरोबर होती.