नुसत्या चहाला बोलावणाऱ्या काकू

"रविवारी चारला नुसत्या चहाला या हं," असा फोन बंगळुरातल्या मराठी माणसाला आला, की त्याने त्या दिवशीचं दुपारचं जेवण टाळावं. अनुभवी मंडळी तर शनिवारी रात्रीच ताकभातावर भागवतात. नवखा मात्र जेवून जातो, आणि पाचच्या सुमारास त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते पाहायला बाकीचे टपलेले असतात.

ह्या काकू जयनगरात सापडतात, मल्लेश्वरमात सापडतात, बसवनगुडीतही. माहेर सांगली, मिरज नाहीतर पुणं. यजमान एचएएल किंवा बीईएलमधून निवृत्त, मुलगा सॅन होजेला. फळीवर कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' असते, 1970 साली निघालेली. पण ती उघडलेली कोणी पाहिलेली नाही. ती सुनेसाठी आहे. काकूंचं सगळं अंदाजपंचे आणि बिनचूक.

ह्या गावात चहाचा दरबार भरवायला छाती लागते. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, कोपऱ्याकोपऱ्यावर दर्शिनी, तिथे उभ्या-उभ्या फिल्टर कॉफी, आणि एका कॉफीत दोघांना भागवायची 'बाय टू'ची सोय. अर्ध्या कपाचं हे शास्त्र काकूंना मुळीच मान्य नाही. गॅलरीतल्या कुंडीत गवती चहा, पुण्याहून येणाऱ्याच्या बॅगेत चहाची पत्ती, आणि पाणी कावेरीचं. "तुमच्या बेळ्ळंदूरला टँकरचं पाणी, त्याचा कसला होणार चहा!" हे त्या इतक्या कळवळ्याने म्हणतात की ऐकणाऱ्याला आपला फ्लॅट विकावासा वाटतो. 2024च्या उन्हाळ्यात गावभर बोअरवेल आटल्या तेव्हा बेळ्ळंदूरकरांची चौकशी करणारा पहिला फोन काकूंचाच होता. चौकशीत काळजी किती आणि समाधान किती, हे सांगणं कठीण.

काका इंजिनिअर, त्यामुळे चहा उकळताना त्यांचं व्याख्यान ठरलेलं. बंगळूर समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर. इथे पाणी 100 नव्हे, 97 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून पुण्यासारखा चहा इथे होणं शक्यच नाही. "मग उरलेल्या तीन अंशांचं आलं घालते," म्हणून काकू किसणी उचलतात.

चारचा चहा चारला होत नाही, त्याला कारण सिल्क बोर्डच्या चौकातली कोंडी. काकूंनी त्या चौकाचाही उपयोग करून घेतला आहे. "सिल्क बोर्डला पोचलात की फोन करा, मी तेल तापत ठेवते. सिग्नल सुटला की परत करा, मी वड्या सोडते." पाहुणा दारात आणि कोथिंबीर वडी झाऱ्यावर, अशी गाठ त्या घालून दाखवतात. एकदा मेट्रोने आलेलं जोडपं वेळेआधी टपकलं, तर काकू रुसल्या. तेल गार होतं.

मग ताटल्या येतात. "काही केलं नाहीये" हे वाक्य पहिल्या ताटलीबरोबर येतं आणि सातव्या ताटलीपर्यंत टिकतं. कोथिंबीर वडी, अळूवडी, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, ओल्या नारळाच्या वड्या, बेसनाचे लाडू. आणि चकली. चकली नुसती खायची नसते, तिचं परीक्षण पाहायचं असतं. काकू एक उचलतात, पाहुण्याच्या कानाशी नेऊन मोडतात, आणि तुटलेलं टोक उजेडाकडे धरतात: "बघा, नळी पडलीय." आत खरोखरच बारीक नळी असते. भाजणी खमंग, मोहन बेताचं आणि आच मंद, तरच ती पडते. पाहुण्याने त्या भोकातून पलीकडे पाहून मान डोलावली, की चकली त्याच्या हाती लागते.

'बाहेरचं' हा ह्या घरातला सर्वांत जहाल शब्द. काका मात्र अय्यंगार बेकरीतला खारा बन फिरायला जाण्याच्या निमित्ताने बागेच्या बाकावर खाऊन येतात. शर्टावरचे चुरे काकूंना दिसतात. त्या काही म्हणत नाहीत, रात्री भाकरी एक कमी टाकतात.

खरी चुरस शेजारच्या कन्नड मामींशी. डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम दोन्ही घरी. काकूंच्या चकल्या जातात, त्याच डब्यातून कोडबळी येतात. काकू कोडबळं मोडतात, "तांदूळ जास्त," असा निकाल देतात आणि चार खातात. मामीही पलीकडे चकलीत नेमकं काय जास्त ते सांगत असणार. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही. मामी आल्या की काकू मुकाट्याने पितळी फिल्टर काढतात. ती मुभा दुसऱ्या कोणाला नाही.

मराठी माणसाने चहाच्या आमंत्रणाला थोडं भ्यावं, असा आपला इतिहासच आहे. 1890 साली गोपाळराव जोशींनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे बड्या मंडळींना बोलावलं, पुढ्यात चहा आला, आणि मग हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. ख्रिस्ती मिशनमधल्या त्या चहावरून ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. काकू नावं छापत नाहीत. रात्री नणंदेला फोन करतात. कोणी अळूवडी तिसऱ्यांदा घेतली, कोणी 'डाएट' म्हणून लाडू अर्धा ठेवला, कोणाच्या सुनेने नारळवडीला 'बर्फी' म्हटलं. प्रायश्चित्त एकच: पुढच्या वेळी त्या अर्ध्या लाडवाची वसुली दोन लाडवांनी होते.

परतफेड म्हणून त्यांना आपल्याकडे बोलावण्याचं धाडस एका बेळ्ळंदूरच्या जोडप्याने केलं. काकू आल्या, कौतुकाने घर पाहिलं, केक छान झालाय म्हणाल्या. चहाचा कप पुढे आला तेव्हा "पाणी टँकरचं ना?" एवढंच विचारून त्यांनी पिशवीत हात घातला आणि थर्मास काढला. सगळ्यांना पुरेल एवढा होता.