देहाने फुकटे, आधाराने अर्धे

आमच्या साताऱ्याच्या कट्ट्यावर निम्म्या मंडळींचा वाढदिवस १ जूनला असतो. त्या काळी पोराला शाळेत घालताना बापाला जन्मतारीख ठाऊक नसे आणि मास्तरांना सवड नसे. डोक्यावरून घेतलेला हात पलीकडच्या कानाला लागला, की मास्तर १ जून लिहून मोकळे! त्यामुळे आमच्याकडे केक एकच, आणि सुरी धरायला ही झुंबड. त्यात निम्मे मधुमेही.

भाऊसाहेब निवृत्त तलाठी. गांधीजी गेले तेव्हा ते पाळण्यात होते, असं त्यांची आई सांगे. शाळेत मात्र १ जून १९५० पडली. अठ्ठावन्नाला निवृत्ती, म्हणजे सरकारचा दोन वर्षांचा पगार जास्तीचा. मास्तरांच्या फोटोला हार घालायचा तेवढा बाकी होता.

मग ऑगस्ट २०२२मध्ये एसटीने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला. पासष्टीपुढच्या आम्हाला अर्धं तिकीट होतंच. कट्ट्यात उभी फूट पडली: फुकटे आणि अर्धे. (बायकांना पुढच्या मार्चपासून सरसकट अर्धं, वय सांगायची भानगडच नाही.) भाऊसाहेब वर्षभरात देहाने फुकटे झाले, आधार कार्डाने अर्धेच राहिले. ज्या मास्तरांनी पगार दिला, त्यांचाच आता रोज उद्धार.

आम्ही वाईला जातो. ढोल्या गणपतीचं दर्शन पाच मिनिटांत उरकतं, मग दुपारपर्यंत घाटावर बसून गुडघे, सुना आणि पेन्शन. पण खरी करमणूक एसटीतच.

“अहो मास्तर, मी पंचाहत्तरीचा आहे. माझी आई सांगायची!” भाऊसाहेब कंडक्टरला ऐकवायचे.

“आजोबा, आईचं आधार कार्ड आणलंय?”

सगळी बस हसायची, भाऊसाहेब पाकीट काढायचे.

शेवटी २०२५च्या १ जूननंतर कागदही पंचाहत्तरीचा झाला. पहिलं फुकट तिकीट त्यांनी ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत सर्वांना दाखवलं. वाईला उतरल्यावर मात्र कट्ट्याचा जुना नियम त्यांना लागू झाला: ज्याचं तिकीट वाचलं, त्याने सर्वांना चहा-भजी द्यायची. अर्धे आता आम्ही थोडेथोडके नाही, आणि वाईची हवा भुकेला चांगली.

परवा कंडक्टरने आधार कार्ड मागितलं. भाऊसाहेबांनी एकेक खिसा सावकाश चाचपला आणि म्हणाले, “घरी राहिलं वाटतं. पूर्ण तिकीट फाडा.”