खातेपान आणि फॉरेन की

मुलगा ‘बीबीए सीए’ करतो म्हटले की निम्मे पुणे त्याच्या आईचे अभिनंदन करते, कारण त्यांना फक्त ‘सीए’ ऐकू आलेले असते. हे सीए कंसातले, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन, हे कळल्यावर पेढ्याकडे गेलेला हात मागे येतो. पूर्वी विद्यापीठात हाच अभ्यासक्रम बीसीए होता, पण वाणिज्य शाखेचा. विज्ञानाचा बीसीए निराळा. २०२४ मध्ये एआयसीटीई ही तंत्रशिक्षण परिषद आली, तिच्यामागे सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, आणि ती चुकवायला काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे पुन्हा बारसे केले. एवढी नावे बदलणाऱ्याकडे लोक संशयाने पाहणारच. मुख्य आरोप मात्र नावाचा नाही, जातकुळीचा आहे: हा धड ना वाणी, धड ना इंजिनिअर.

आरोप करणाऱ्यांनी संगणकाची वंशावळ एकदा तपासावी. धंद्याचे रोजचे काम संगणकाला पहिल्यांदा लावले ते १९५१ मध्ये, लंडनच्या जे. लायन्स या कंपनीने. कंपनी कसली, तर चहाची दुकाने चालवणारी! त्यांच्या ‘लिओ’ यंत्राने आधी बेकरीच्या मालाचा हिशेब केला. आपल्याकडचे टॅलीही घरातूनच निघाले: वडील गोएंका यांना धंद्यासाठी मनाजोगे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणित शिकलेल्या मुलाने, भरत गोएंका यांनी, ते लिहिले. बाप अडला आणि मुलाने कोड लिहिला. हाच तो अभ्यासक्रम, फक्त फी न भरता.

‘पण खरा इंजिनिअर चांगला कोड लिहील की!’ लिहील. पण चुकीची नोंद दिसली की तो ती डिलीट करेल, आणि वर कौतुकाची अपेक्षा ठेवेल. हिशेबात खोडायचे नसते. चूक तशीच ठेवून उलटी नोंद करायची असते, हे मुनीमजींना संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. सरकारनेही १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे सक्तीचे केले, आणि तो बंद करता येता कामा नये असेही बजावले. ही अट मुनीमजींना सांगावी लागत नाही आणि ती कोडमध्ये कशी उतरवायची हे त्यांना सांगता येत नाही. मध्ये कुणीतरी दुभाष्या लागतो. दुभाष्याला दोन्हीकडचे लोक आपला मानत नाहीत, हा त्या धंद्याचा दोष आहे, माणसाचा नव्हे.

एक आक्षेप मात्र मुकाट्याने मान्य करावा लागतो: दोन विषय एका दप्तरात कोंबले म्हणून ते एकमेकांशी बोलू लागत नाहीत. किर्दीत तपशिलाशेजारी ‘खा.पा.’, म्हणजे खातेपान, नावाचा एक अरुंद रकाना असतो. ही रक्कम खतावणीच्या कुठल्या पानावर गेली, ते तिथे लिहायचे. डेटाबेसमध्ये एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याला फॉरेन की म्हणतात. काम तेच. अकौंट्सचे सर सोमवारी खातेपान शिकवतात, मॅडम मंगळवारी फॉरेन की. विद्यार्थी दोन्ही वेगवेगळे पाठ करतो आणि परीक्षेत दोन्हीकडे उदाहरण लिहायला जागा सोडून ठेवतो.