स्टॉप सोलेनॉइड : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या आणि एक ताकीद

पेट्रोल इंजिनची ठिणगी बंद केली की काम संपलं. डिझेलला ठिणगीच नसते. दाबलेली हवा इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपणहून पेटतं. म्हणजे इंजिन थांबवायचं तर त्याचं अन्नपाणीच तोडायला हवं. पूर्वी डॅशबोर्डखालची ओढायची केबल हे काम करायची. बॉशने १९७५ साली आणलेल्या व्हीई रोटरी पंपावर ते एका सोलेनॉइडकडे असतं. साहेबांच्या दालनाबाहेरचा शिपाईच तो: हातावर काही पडत राहिलं तर दार उघडं, नाहीतर बंद. आतली स्प्रिंग प्लंजर दाबून डिझेलची वाट बुजवते; १२ व्होल्ट मिळाले की चुंबक त्याला मागे ओढतं.

सेल्फ फिरतोय पण गाडी चालू होत नाही, तेव्हा पुढच्या पायऱ्या क्रमानेच करा. काही मेस्त्री त्या उलट्या क्रमाने करतात, कारण तसं केल्याने बिल चांगलं होतं.

पायरी १ : बघ्यांना कामं वाटा. बॉनेट उघडलं की तिघे जमतातच. एक म्हणेल "एअर धरली", दुसरा म्हणेल "पंप खोलावा लागणार", तिसरा न बोलता मोबाइलचा टॉर्च धरेल. तिसऱ्याला जवळ ठेवा. पहिल्याला सेल्फ मारायला बसवा. दुसऱ्याला चहा सांगायला पाठवा. टपरी लांबची निवडा.

पायरी २ : धूर बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे लक्ष ठेवा. पांढरट धूर निघत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय आणि सोलेनॉइड निर्दोष आहे. हीटर प्लग वगैरे तपासा. धुराचा मागमूस नसेल तर पुढे चला.

पायरी ३ : कान द्या. इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप पंपाच्या ज्या टोकातून निघतात, तिथेच वरच्या अंगाला सोलेनॉइड बसलेलं असतं. डोक्यावर एकच वायर, हीच खूण. किल्ली नुसती 'ऑन' करायला सांगा आणि सोलेनॉइडवर बोट ठेवा. 'टक्' ऐकू आलं, बोटाला टिचकी जाणवली, तर प्लंजर हलतोय. मग फिल्टर बघा, हँडपंप मारून एअर काढा. पहिला बघ्या बरोबर निघाला तर ते त्याला कळू देऊ नका.

पायरी ४ : वायर तपासा. 'टक्' नाही? तरी पान्याला हात लावू नका. टेस्ट लॅम्पची क्लिप इंजिनच्या बॉडीला लावा, टोक सोलेनॉइडच्या टर्मिनलला. दिवा लागला नाही तर फ्यूज, वायर आणि इग्निशन स्विच हे तीन संशयित. वायरच्या टोकाची गोल चकती काढून बघा: तिच्यावर हिरवट थर चढलेला असतो, नाहीतर वरचा नट हादऱ्यांनी ढिला झालेला असतो. पॉलिश पेपरने घासा, नट आवळा. बऱ्याचदा 'पंपाचं काम' इथेच संपतं. दिवा 'ऑन'ला लागतो पण सेल्फ मारताना विझतो, असं असेल तर स्विच गंडलाय. अशी गाडी किल्ली सोडता सोडता चालू होते, आणि मालक त्याला स्वतःच्या हाताचा गुण समजतो.

पायरी ५ : थेट करंट द्या. मूळ वायर काढून तिचं टोक टेपने झाका. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज घातलेली वायर थेट टर्मिनलला लावा. 'टक्' आलं तर दोष वायरिंगचा. या अवस्थेत गाडी किल्लीने बंद होणार नाही. वायर काढावी लागेल. 'टक्' आलंच नाही तर सोलेनॉइड गेलं किंवा प्लंजर अडकला.

पायरी ६ : आता खोला. आधी आजूबाजूची धूळ ब्रश आणि डिझेलने धुऊन घ्या. पंपात शिरलेला कण सोलेनॉइडपेक्षा महाग पडतो. खोलताना हात खाली धरा, कारण प्लंजर आणि स्प्रिंग सुटी असतात आणि इंजिनच्या फटीत पडायला उत्सुक असतात. प्लंजरच्या टोकाचं रबर झिजलं असेल तर उलटी तक्रार येते: किल्ली काढली तरी इंजिन चालूच. तेव्हा हॅन्डब्रेक ओढा, ब्रेक दाबा, टॉप गिअर टाका आणि क्लच सोडा. हवेच्या तोंडावर हात ठेवून इंजिन गुदमरवायला जाऊ नका. आडरानात दुसरं सोलेनॉइड मिळत नसेल तर प्लंजर आणि स्प्रिंग काढून नुसती बॉडी परत बसवतात. गाडी घरी पोचते, पण थांबवायची याच टॉप गिअरच्या युक्तीने.

ताकीद. सगळी सोलेनॉइडं एका स्वभावाची नसतात. काहींना थांबवण्यासाठी करंट लागतो, चालवण्यासाठी नाही. काही इनलाइन पंपांवर ते बाहेरून लिव्हर ओढतं आणि त्यात दोन कॉइल असतात: एक ओढणारी, एक धरून ठेवणारी. ओढणारी क्षणभरच लागते, पण तेवढ्यात दांडगा करंट खाते. लिव्हर शेवटपर्यंत गेलाच नाही तर ती सुटत नाही आणि जळते. म्हणून नवं बसवण्याआधी लिव्हर हाताने पूर्ण फिरतो का ते बघा. नाहीतर नवंही जुन्याच्याच आजाराने जाईल, आणि दुकानदार पाटीकडे बोट दाखवेल: इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नाही.