कोहमाऱ्याला समुद्र दोन्हीकडे

महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, असं आम्ही गोंदियाच्या शाळेत घोकून पाठ केलं. त्यातला एक मीटरही आमच्या वाट्याला आला नाही, पण परीक्षेत त्याचा एक गुण मात्र नियमित मिळाला. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने 950 किलोमीटरच्या पुढे. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर विशाखापट्टणमचा बराच जवळ पडतो. पण तो परराज्यातला, त्याच्यावर पाठ्यपुस्तकात प्रश्न येत नाही.

त्यामुळे पुण्याच्या भाच्याने फोनवर विचारलं, “मावशी, तुमच्याकडे बीच आहे का? मला बीचवर कॅम्पिंग करायचंय,” तेव्हा जिल्ह्याची अब्रू पणाला लागली.

“आहे ना,” मी म्हणाले. “नवेगावबांध.”

संक्रांत होऊन गेल्यावर बहीण, जवाईबुवा आणि भाचा महाराष्ट्र एक्सप्रेसने आले. ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि वाटेत जमेल तितका महाराष्ट्र दाखवून मग गोंदियाला आणून सोडते. उतरल्या उतरल्या जवाईबुवांनी एक गोल चपटी पिशवी काढली. आत नवाकोरा नारिंगी तंबू. दोन मिनिटांत उभा राहतो म्हणे. अंगणात त्यांनी तो हवेत भिरकावला आणि खरोखरच तो जमिनीला टेकायच्या आत उभा राहिला. शेजारचे जमले. आमचे मोठेबाबा काठी टेकत त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. जाळीच्या खिडकीला बोट लावून पाहिलं.

“मच्छरदानी होय का जी?”

“नाही मोठेबाबा, टेंट आहे. बाहेर, निसर्गात झोपायला.”

“बाहेर काहून? घर नाही का?”

आमच्या मोठेबाबांची निम्मी जवानी बाहेर झोपण्यात गेली. धान निसवला की रात्री रानडुकरं येतात, म्हणून बांधीच्या धुऱ्यावर चार बल्ल्या ठोकून वर तणसाचं छप्पर टाकायचं, खाली शेकोटी पेटवायची, रिकामा डबा बडवायचा आणि दर तासाला अंधाराला शिव्या घालायच्या. ह्याला जागल म्हणतात. थंडी, साप, डास, लांबून येणारे आवाज, आकाशभर तारे, सगळं त्यात येतं. भाच्याने व्हिडिओत पाहिलेल्या कॅम्पिंगमध्ये ह्याहून वेगळं काही नव्हतं. फक्त तिथे लोक त्यासाठी पैसे भरत होते. हे ऐकून मोठेबाबा गंभीर झाले. आपण तरुणपणी किती रुपयांची मजा फुकटात मारली, ह्याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागला.

सहल एका दिवसाची, पण आमच्याकडे सहलीला जायचं म्हणजे घर हलवायचं. पाच जणांचा बेत होता. आत्या कळल्यामुळे आली, तिचा मुलगा तिला सोडायला आला तो गाडीतच बसला, मोठ्या आईने “मी येऊन काय करू” म्हणत सगळ्यात आधी खिडकीची जागा धरली. मग पुऱ्या, लाखोरीच्या डाळीचे वडे, तिळाचे लाडू, पानग्यांसाठी कणीक, वांगी, मिरच्या, परात, दोन चटया, एक सतरंजी, मोठ्या आईची उशी. आणि तलावाला जायचं म्हणून 20 लिटरची पाण्याची कॅन. जवाईबुवांनी हळूच विचारलं, “आपण परत येणार आहोत ना?”

गोरेगाव सुटलं की मुरदोलीचं जंगल लागतं. ह्या रस्त्यावर गोंदियाच्या प्रत्येक माणसाला वाघ दिसलेला आहे. तो फक्त आपण सोबत असताना दिसत नाही. आत्याच्या मुलाने ज्या ज्या वळणावर वाघ पाहिला होता ती सगळी वळणं दाखवली. भाचा प्रत्येक वळणावर श्वास रोखून बसला, आणि दिसलं काय, तर डांबरावर पाय पसरून बसलेलं लंगुरांचं खटलं.

कोहमाऱ्याला चहा. ह्या गावावर माझा फार जीव आहे, आणि त्याचं कारण भूगोलात आहे. इथून जो राष्ट्रीय महामार्ग 53 जातो, तो गुजरातेत हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशात पारादीपला संपतो. हजिरा अरबी समुद्रावरचं बंदर, पारादीप बंगालच्या उपसागरावरचं. म्हणजे कोहमाऱ्याच्या चौकात नवेगावकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला एक समुद्र आणि डाव्या हाताला दुसरा. मध्ये मोजायला घेऊ नये इतके ट्रक. मी हे भाच्याला अगदी हात पसरून सांगितलं. त्याने दोन्हीकडे पाहिलं.

“मग आपण सरळ का चाललोय?”

ह्या प्रश्नावर आलूबोंडा हा एकच उपाय होता.

नवेगावचा तलाव पहिल्यांदा दिसतो तेव्हा माणूस गप्प होतोच. आमची गाडीसुद्धा गप्प झाली, पुरतं अर्धं मिनिट. चहूकडे डोंगर, मध्ये नजर पोचत नाही तितकं पाणी, त्यात मालडोंगरीचं बेट, आणि काठाशी साग, अर्जुन, मोह. मग मोठी आई म्हणाली, “बसायचं कुठी?” आणि शांतता संपली.

हे पाणी निसर्गाचं देणं नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पर्यटक हमखास तसं समजतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी ह्या माणसाने डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीने बुजवल्या आणि तलाव उभा केला. भंडारा-गोंदियाचे कोहळी हे तलाव बांधणारे लोक. पाणी कुठून येईल, कुठे थांबेल आणि कुणाच्या बांधीत जाईल हे त्यांना कळत होतं. अशा तलावांची मालकी मालगुजारांकडे राहिली, 1950 नंतर मालगुजारी गेली आणि ते सरकारचे झाले. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. बांध घालायला ह्या बहिणी मदतीला आल्या अशी कथा आहे. कोलू पाटलाला लोकांनी पुढे कोलासूर नावाने देव केलं. आता एवढ्या खटपटीत त्या माणसाच्या मनात धान होता, ऊस होता, मासळी होती. आपल्या तलावाकाठी एक दिवस पुण्याचा मुलगा वाळूचा किल्ला बांधायचं प्लास्टिकचं फावडं घेऊन उभा राहील, हे त्याला सुचलं नसावं. सुचलं असतं तर थोडी रेती टाकून ठेवली असती.

कारण रेती नव्हती. पाणी ओसरून उघडा पडलेला राखाडी चिखलाचा पट्टा होता, त्यावर म्हशींच्या खुरांची नक्षी.

“मावशी, हा बीच?”

“खास आपल्याकडचा,” मी म्हणाले.

बीच म्हणजे काय ते समजावायला जवाईबुवांनी मोबाइलवर आपला गोव्याचा फोटो शोधून काढला. तो हातोहात फिरत मोठेबाबांकडे गेला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोटो लांब धरला. वैनगंगेकाठच्या जिल्ह्यात रेती म्हणजे घाट, घाटाचा लिलाव आणि रात्री बिनदिव्याचे धावणारे ट्रॅक्टर. जवाईबुवांकडे पाहून ते आदराने म्हणाले, “येवढी रेती पडून आहे, न एकबी ट्रॅक्टर नाही?”

मग नावेत बसलो. आमच्या ढीवर बांधवांचा डोंगा मी लहानपणी पाहिला आहे. एका झाडाचं खोड कोरून केलेला, त्यात बसायचं ते देवाचं नाव घेऊन. आताच्या नावेत लाल जाकीट घालावं लागतं. मोठ्या आईने ते नऊवारीवरून, पदर सांभाळत, आरशाशिवाय घातलं आणि “फोटो काढ” म्हणाली. नाव चालवणारा मासेमारांपैकीच निघाला. मोठेबाबांनी त्याला मरळीचा भाव विचारला, त्याने सांगितला, मोठेबाबांना तो पटला नाही, आणि मालडोंगरीपर्यंत जाऊन परत येईतो ह्या दोघांनी पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते पाण्याखाली पाहत होते.

ह्याच काठावर मारुती चितमपल्ली राहिले. सोलापूरचा माणूस, वनाधिकारी म्हणून इथे आला आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून गेला. पाणपक्ष्यांच्या सवयी त्यांना दाखवणारे माधवराव पाटील डोंगरवार ह्या गावचेच. एक बघणारा आणि एक दाखवणारा, असे दोघे एका तलावाला मिळणं ही काही सोपी गोष्ट नाही. बाकीच्या तलावांना आमच्यासारखेच मिळतात. जवाईबुवांकडे दुर्बीण होती. आत्याने ती डोळ्यांना लावून दिसेल त्याला “बदक” म्हटलं. बगळा बदक, पाणकावळा बदक, एकदा लांब दिसणारा गुराखीही जवळजवळ बदक झाला होता. पट्टकादंब नावाचे हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून इकडच्या तलावांवर येतात, असं जवाईबुवांनी सांगितलं. मोठ्या आईने कपाळावर हात धरून पाण्यावरच्या ठिपक्यांकडे पाहिलं.

“येवढ्या दुरून आले बाप्पा. काही खाल्लं का नाही यायनं?”

खाण्याचा विषय निघाल्यावर नाव काठाला लावावीच लागली.

आता मुख्य कार्यक्रम. तंबू भिरकावला गेला, दोन मिनिटांच्या आत उभा राहिला, भाचा आत शिरला. इकडे आम्ही सतरंजी अंथरली, तलावाकडे पाठ करून बसलो (सूर्य समोरून येत होता, आणि तोंडं एकमेकांकडे नसतील तर बोलायचं कसं?) आणि मोठेबाबा पानग्यांसाठी काटक्या गोळा करायला निघाले. एक वनरक्षक कुठूनसा आला. “इथे आग नाही पेटवता येणार जी.” बरोबरच होतं त्याचं. 1975 साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि वाळलेल्या पानांच्या त्या जंगलात एका ठिणगीचं काय होतं हे आमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत. मोठेबाबांनी वाद घातला नाही. त्याचं गाव विचारलं, मग आडनाव, मग आजोळ, आणि नातं लागतंय असं दिसताच त्याला पुरी-वडा खायला बसवला. आग मात्र पेटली नाही. नातं आपल्या जागी, जंगल आपल्या जागी.

पुरी तोंडाशी नेली आणि लंगूर उतरले. आधी एक, मग त्याची सोयरीक. एकाने तिळाच्या लाडवांचा डबा हेरला, दुसरा आत्यासमोर येऊन बसला आणि तिच्याकडे एकटक पाहू लागला. आत्याने त्याला “जा ना बाबा” अशी विनंती केली. “डबे तंबूत टाका!” असं कोणी ओरडलं, ठाऊक नाही, पण ती त्या दिवसातली एकमेव आज्ञा होती जी सगळ्यांनी पाळली. भाच्याला बाहेर काढलं, डबे आत सरकवले, परात, वांगी, मोठ्या आईची उशी, सगळं आत, आणि जवाईबुवांनी चेन ओढली. मग आम्ही सारे बाहेर उन्हात भुकेले उभे आणि आमचं जेवण आत जाळीच्या खिडकीतून निसर्ग पाहत बसलेलं. लंगुरांनी तंबूला दोन फेऱ्या घातल्या. मोठेबाबांनी अंगणात घातली होती तशीच.

“बाबा, कॅम्पिंग तर डबेच करतायत,” भाचा म्हणाला. पुण्याचा असला तरी रक्त इकडचं.

पानग्यांची कणीक भिजवलेली होती आणि ती फुकट घालवणं मोठ्या आईच्या धर्मात बसत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमचे सोयरे नाहीत असं गाव शोधावं लागेल, त्यामुळे पाऊण तासात आम्ही एका सोयऱ्याच्या शेतावर होतो. तिथे कोणाची मनाई नव्हती. गोवऱ्या रचल्या, पळसाच्या पानांत पानगे गुंडाळले, वांगी निखाऱ्यात लोटली. धान निघालेल्या बांध्यांत लाखोरी हिरवी उभी होती, पलीकडे हरभरा, आणि हरभऱ्याच्या कडेला जागलीची खोपडी. भाच्याने ती पाहिली आणि इथे पुन्हा उभा केलेला नारिंगी तंबू त्याच्यासाठी संपला. शिडीने वर चढला, तणसावर आडवा झाला, रिकामा डबा आणि काठी सापडल्यावर तर त्याला आवरणं कठीण गेलं. अंधार पडेपर्यंत त्याने असा काही डबा बडवला की अर्जुनी मोरगाव तालुक्यातली रानडुकरं त्या रात्री बहुधा गडचिरोलीत झोपली. जवाईबुवा शेकोटीजवळ बसून तिसरा पानगा तुपात बुडवत होते. “इथे राहायचे किती घेतात?” त्यांनी सोयऱ्याला विचारलं. सोयऱ्याला वाटलं, जवाईबुवा मजुरीचा दर विचारतात. त्याने प्रामाणिकपणे सांगितला, वर दोन वेळचं जेवण.

निघताना तंबू आवरायला घेतला. उभा राहायला दोन मिनिटं लागणारी ही वस्तू ह्या वेळी खाली बसायला अजिबात तयार होईना. एक बाजू दाबली की दुसरी उसळायची. जवाईबुवा, आत्याचा मुलगा आणि सोयऱ्याचे दोन गडी घामाघूम झाले, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ लावला तर रेंज नाही. शेवटी मोठेबाबा म्हणाले, “राहू द्या जी. त्याले इथी करमते.” तंबू हरभऱ्याच्या कडेला ठेवून आम्ही आलो.

आठवड्याभराने सोयऱ्याचा फोन. नारिंगी रंग पाहून डुकरं फिरकत नाहीत, गडी आत मजेत झोपतो, डास नाहीत. “जवाईबुवांना विचारून सांगा जी, आणखी एक पाठवतील का? वरच्या बांधीसाठी पाहिजे. आणि खालून उघडा असला तर बरं, शेकोटी आत घेता येईल.”