चौथा भिडू पाहिजे

— काकू, ओ काकू! कुरडयाचं झालं असन तं या ना जरा भिंतीपाशी. एक गोष्ट आहे, पण तुमच्यापाशीच ठेवा.

— ठेवतो बाई. तुझी गोष्ट माझ्याआधी आर्वी नाक्यावर पोहोचते, त्याले मी काय करू? बोल.

— आमची दुपारची मेंढीकोट मोडली.

— काय सांगून राहिली! मास्तरीणबाई अन् बँकवाली वहिनी भांडल्या का?

— भांडल्या असत्या तं बरं होतं, चार दिवसांनी परत बसल्या असत्या. हे वेगळंच झालं. बँकवाल्या वहिनीची नवी सून सावंतवाडीची नाही का, तिनं माहेरून एक लाकडी डबी आणली. उघडली तं आत गोल गोल पत्ते. गंजिफा म्हणतात त्याले. हातानं रंगवलेले, वरून लाखेची चमक. माय व, हात लावाले भीती वाटे! अन् आपले पत्ते कसे बावन्न, हे एकशेवीस. दहा अवतार, दर अवताराची बारा पानं. राजा, प्रधान अन् एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू मोजाचे.

— म्हणजे चष्मा लावून खेळाचं.

— हो ना. कोपऱ्यावरच्या आजी तं म्हणे, एवढे देव हातात घेऊन चहा कसा प्यायचा? पाय धुऊन येतो म्हणाल्या. सून हसली, म्हणे आजी, आमच्याकडं राजवाड्यातच बनवतात हे. दरबार हॉलमध्ये कारागीर बसतात. मधात ही कला मरायले टेकली होती, तेव्हा तिथले शिवरामराजे भोसले अन् सत्त्वशीलादेवी राणीसाहेब स्वतः पुंडलिक चितारी नावाच्या म्हाताऱ्या कलाकारापाशी शिकले. राणी अन् चिताऱ्यापाशी शिकणं! आपल्याइथं सुनेकडून शिकाचं म्हणलं तरी जिवावर येते.

— मास्तरीणबाईच्या तं येतच असन.

— त्याच तं सांगून राहिलो. त्यांनी आधी इतिहास काढला. बाबरानं १५२७ मध्ये सिंधेतल्या मित्राले गंजिफा धाडला होता, बाबरनाम्यात लिहिलं आहे म्हणे. आम्ही हो हो केलं. मंग वाटणी झाली. अन् तिथंच घोळ. हा खेळ तिघांचा! एकेकाच्या हातात चाळीस पानं. चाळीस, काकू! आपली तेरा पानं पंख्यासारखी धरता येतात, ही गोल पानं हातातून निसटतात. पिसताही येत नाहीत, चादरीवर पसरून कालवा लागतात.

— अन् चौथी?

— चौथीनं गोरसपाक खायाचा अन् बघाचं. पहिल्या दिवशी मी बसली बघत. काही म्हणा, बघण्यात मजा आली. दहापैकी पाच रंगांत दश्शी मोठी अन् एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा अन् दश्शी बिचारी तळाले. आजींनी आयुष्यभर मेंढीकोटात दश्शी, म्हणजे मेंढी, जिवापाड जपली, त्यांच्या हातून ती सुटेचना. अन् कोण सुरू करन तेही अवतारावर. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. संध्याकाळी साडेसहाले डाव मांडला, बाहेर ऊन उतरलेलं, पण उजेड होता. राम मास्तरीणबाईपाशी, कृष्ण वहिनीपाशी. आता दिवस का रात्र? अर्धा घंटा वाद. शेवटी आजींनी देवापाशी दिवा लावला अन् म्हणल्या, झाली रात्र.

— चांगलं केलं. पण मंग मोडलं कायनं?

— ऐका तं. मास्तरीणबाईले तो खेळ जमला, बुद्धी आहेच त्यांची. पण रमल्या नाहीत. काऊन? त्यात भिडू नाही, हुकूम नाही. जो तो आपापला. हारलं तं कोणाले बोलाचं? अन् मास्तरीणबाईची मेंढीकोट म्हणजे पत्ते कमी अन् भिडूचा उद्धार जास्ती. मी त्यांची भिडू होती, मले विचारा. गंजिफ्यात दोन हारी झाल्या अन् त्या गप्प. असं गप्प बसलेलं मी त्यांले कधी पाहिलं नाही, बापा.

— मंग?

— मंग त्या म्हणल्या, सूनबाई, आता तू आमचा खेळ शीक. अन् घेतली तिले भिडू म्हणून. मी अन् वहिनी समोर. बंद हुकूम ठेवला. पोरगी हुशार, पण तिच्या डोक्यात गंजिफा, स्वतःची पानं वाचवाची सवय. मास्तरीणबाईनं इस्पिकचा एक्का टाकला. पोरीपाशी इस्पिकची दश्शी अन् छक्की. आता कोणीही काय करन?

— दश्शी देईन एक्क्याखाली. भिडूचाच हात आहे.

— तेच! हिनं छक्की दिली. दश्शी जपून ठेवली. पुढं माझी उतारी आली तेव्हा मी इस्पिकची राणी उतरली, तिच्या हातात दश्शीच उरली होती, वहिनीपाशी राजा. गेली. तीन मेंढ्या आमच्याकडं आधीच होत्या, ही चौथी. कोट!

— अरे देवा.

— मास्तरीणबाई ज्या सुरू झाल्या ना! एक्का मी कायले टाकला होता, आरती कराले? भिडूचे डोळे पाहाले शीक! पोरीच्या डोळ्यांत पाणी. आता ती आमच्यासाठी नवी, पण वहिनीची सून. वहिनी उठल्या, पत्ते गोळा केले, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या, सून अन् आजी असा तिघींचा गंजिफा चालू आहे. कूलर लावून, दार लोटून. आजींले आता रामावर भरवसा बसला आहे. राहिली मी अन् मास्तरीणबाई.

— म्हणून मले आवाज दिला होय तू! मले वाटलं, गोष्ट सांगाले आली.

— गोष्टही सांगितली ना. तुम्ही या अन् काकांलेही आणा. दोघं पाहिजेत.

— त्यांले? पत्ते म्हणलं की जुगार म्हणतात ते.

— काकू, तान्ह्या पोळ्याले काका दिवसभर शेतावर असतात. बैल विकून किती वर्षं झाली?

— हळू बोल, आत आहेत.

— असू द्या. मास्तरीणबाईनं कायदाही काढून ठेवला आहे. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे, त्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळाले सूट आहे म्हणे. अन् रमीले तं सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्येच मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. अन् आम्ही तं शेंगदाणेही लावत नाही.

— बरं बरं, आणतो. पण भिडू कोण कोणाचं?

— मी तुमची. काका मास्तरीणबाईचे.

— चालन. चाळीस वर्षं मी बोलून पाहिलं, आता त्यांनी बोलून पाहू दे.